जाड बॅटरीचा मोबाईल

आमच्या जुन्या कंपनीतली माणसं आता एकत्र येतात ती कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर दहाव्याला. नमस्कार होतात, गुडघ्यांची चौकशी होते आणि मग कुणीतरी खिशातून नवा फोन काढतो. शेजारचा विचारतो, "बॅटरी किती चालते?" बस्स, तेवढं पुरतं. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो. पंगत उठून जाते, मांडववाले खुर्च्या गोळा करायला लागतात, तरी आम्ही तिथंच. हे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. घरातल्या जुन्या चार्जरसारखे ते आपोआप साठत गेले. आता कशाला लागत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

कंपनी म्हणजे नगरच्या नागापूर एमआयडीसीतलं पंपांचं लहानसं वर्कशॉप. साखर कारखान्यांना लागणारे मोठे पंप आम्ही बनवायचो आणि दुरुस्तही करायचो. कुलथेसाहेब मालक. गायकवाड हेड फिटर, मूळचे देवळाली प्रवऱ्याचे. लतीफभाई जीपचे ड्रायव्हर, राहायला भिंगारला. आणि मी सुनंदा, टेलिफोन ऑपरेटर. साहेब सोडून सगळे मला ताई म्हणायचे. काळ नव्वदच्या दशकाचा शेवट. नगरात मोबाईल नुकता कुठं दिसायला लागला होता.

* * *

मोबाईल घ्यायची वेळ आली ती एका नवरदेवामुळं.

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखाना दिवसरात्र चालतो. एखादा पंप बंद पडला की गाळप थांबतं, आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. मग कारखान्यातून माझ्या बोर्डावर फोन यायचा, "माणूस कुठाय तुमचा?" माणूस म्हणजे गायकवाड, आणि गायकवाड म्हणजे मनमाड रोडवर कुठंतरी धावणारी आमची जीप. मी रस्त्यावरच्या एसटीडी बूथवाल्यांना, पेट्रोल पंपावाल्यांना फोन लावायचे. "पांढरी जीप, हिरवं बॉनेट. दिसली की थांबवा आणि मला फोन करायला सांगा." जीपचं मूळ बॉनेट गेल्यावर लतीफभाईंनी भंगारातून मिळालं ते बसवलं होतं, त्यामुळं ओळख पटायला सोपं. सगळे बूथवाले मला आवाजावरून ओळखायचे. त्यातल्या एकाचंही तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

एकदा राहुरीच्या बूथवाल्याचा फोन आला. "ताई, जीप धरलीय. हे घ्या, बोला."

मी म्हटलं, "गायकवाड, माघारी फिरा. पंप बंद पडलाय."

पलीकडून एक कोवळा आवाज आला. "ताई, मी नवरदेव बोलतोय. आमच्या पण जीपचं बॉनेट हिरवंय. मुहूर्त टळायला लागलाय, पण हे म्हणत्यात तुमच्याशी बोलल्याबिगर सोडणार न्हाई." मग जरा थांबून अगदी मनापासून म्हणाला, "पंपाचं काय करायचं ते सांगा. तेवढं करून जातो."

* * *

दुसऱ्याच आठवड्यात नगरातल्या दुकानाचा सेल्समन दोन हँडसेट घेऊन आला. साहेबांच्या टेबलावर त्यानं रुमाल पसरला आणि दागिने मांडावेत तसे ते मांडले. एक बारीक, निळसर, शर्टाच्या खिशात मावेल असा. दुसरा काळा, मागे जाडजूड बॅटरी, वर आखूड अँटेना. हातात घेतला तर किलोच्या वजनासारखा.

साहेबांचा जीव निळ्यावर बसला. ते तो खिशात घालून बघत होते, परत काढून बघत होते. गायकवाड आणि लतीफभाई दाराशी उभे होते, कारण फोन वापरायचा होता त्यांनाच.

"ह्याची बॅटरी किती चालती?" लतीफभाईंनी विचारलं.

सेल्समन म्हणाला, "बोललं नाही तर दोन दिवस आरामात."

"आणि बोललं तर?"

सेल्समन जरा घुटमळला. "ते बोलण्यावर आहे."

लतीफभाई म्हणाले, "न बोलता दोन दिवस तर आमची बेगमही काढते. आम्हाला बोलणारा पाहिजे."

साहेबांनी निळा फोन हळूच रुमालावर परत ठेवला. काळा आमच्याकडे आला.

* * *

फोन निवडणं सोपं होतं. प्लॅननं मात्र अख्खी दुपार खाल्ली.

तेव्हा आपण केलेल्या फोनला पैसे पडायचेच, पण आपल्याला आलेल्या फोनलाही मिनिटावर पैसे पडायचे. ही गोष्ट साहेबांच्या गळी उतरेना. "समोरच्यानं फोन केला, बोलला तो, आणि बिल मी भरायचं?"

सेल्समननं समजावून बघितलं. "साहेब, समजा पाहुणा तुमच्या घरी आला. चहाचा खर्च कुणाचा?"

साहेब म्हणाले, "पाहुणा चहा पिऊन उठतो तरी."

शेवटी महिन्याच्या बिलाचा प्लॅन ठरला, कारण कार्ड भरायचा प्लॅन घेतला आणि ऐन कामाच्या वेळी कार्ड संपलं तर काय, ही भीती. मग सेल्समननं विचारलं, "फोन कुणाचा आलाय त्याचा नंबर दिसायची सोय पाहिजे का? त्याचे महिन्याला वेगळे पडतील."

साहेबांनी हात झटकला. "कशाला? माणूस आवाजावरून ओळखू येत नाही का?"

हे वाक्य आम्हाला पुढं बरंच महागात पडलं. ते सांगतेच.

* * *

पहिले काही दिवस मी मोबाईलला फोन लावला की बंद. रोज बंद. साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"फोन बंद का ठेवता?"

"बॅटरी उतरती, साहेब," गायकवाड म्हणाले.

"अहो, पण घेतला कशाला मग?"

"अडीनडीला."

"आणि अडीनडी आली हे तुम्हाला कळणार कसं?"

गायकवाडांनी विचार केला आणि म्हणाले, "तवा चालू करू की."

त्या दिवसापासून फोन चालू ठेवायचा हुकूम निघाला. पण पैसे वाचवायला साहेबांनी खुणा ठरवून दिल्या. उचलायचा नाही, नुसत्या रिंगा मोजायच्या. एक रिंग देऊन मी ठेवला तर जवळच्या बूथवरून ऑफिसला फोन करायचा. दोन रिंगा झाल्या तर जिथं असाल तिथून माघारी फिरायचं.

खुणा छान चालल्या. मग एक दिवस जीप भर दुपारी माघारी आली. गायकवाड म्हणाले, "राहुरीच्या अलीकडं दोन रिंगा वाजल्या." मी काही फोन केला नव्हता. साहेबांनी केला नव्हता. जीप परत गेली. चार दिवसांनी पुन्हा तेच. ह्या वेळी कारखान्याचे चीफ इंजिनिअर वाट बघून चिडले होते, साहेबांना त्यांची माफी मागावी लागली. फोन कुणाचा, कळायला मार्ग नाही, कारण नंबर दिसायची सोय आम्ही घेतली नव्हती.

त्याच संध्याकाळी सेल्समन ऑफिसात डोकावला. सहज चौकशी करायला. "साहेब, फोन कसा काय चाललाय? मी मधे दोनदा लावला होता. पण दोन रिंगा देऊन ठेवला. म्हटलं तुम्ही उचलला तर उगाच तुम्हाला चार्ज पडायचा."

* * *

रेंज ही तर वेगळीच कथा. शहरात ती मिळायची, आणि विळद घाटाच्या माथ्यावर. पुढं रस्त्यात कधी एखादी दांडी यायची, कधी नाही. लतीफभाई घाटाच्या माथ्यावर जीप थांबवायचेच, टोलनाका असल्यासारखी.

एका कारखान्यात मात्र रेंज सापडली ती बगॅसच्या ढिगावर. ऊस पिळून झाल्यावर जो चोथा उरतो ना, तो. दोन मजली ढीग. गायकवाड त्यावर चढायचे. पाय गुडघ्यापर्यंत आत जायचा, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. खाली कामगार जमायचे बघायला. वर पोचले की ते पाठ ताठ करून उभे राहायचे आणि आमचा फोन वाजायचा.

गायकवाडांचं फोनवर बोलणं म्हणजे तार. "पोचलो. उघडला. बेरिंग गेलंय. पाठवा. ठेवतो." मी "कुठलं बेरिंग?" म्हणेपर्यंत फोन बंद. मग ते पुन्हा लावायचे. "मोठं. ठेवतो." बॅटरी जपायची म्हणून शब्द जपायचे. तसा माणूस मुळातच कमी बोलणारा. मोबाईलनं त्यांना कारण दिलं एवढंच.

तर एकदा ते असे ढिगावरून बोलत असताना खाली चीफ इंजिनिअर आले. बराच वेळ त्यांनी मान वर करून पाहिलं. गायकवाड घसरत खाली आले, अंगभर भुसा. चीफ इंजिनिअर म्हणाले, "गायकवाड, माझ्या केबिनमध्ये फोन आहे की. तिथून का लावत नाही?"

गायकवाडांनी डोक्यावरचा भुसा झाडला. "आमच्या साहेबांनी मोबाईल घेतलाय न्हवं. त्यांना वाईट वाटंल."

* * *

साहेबांनाही फोनची हौस होतीच. भिंगारला त्यांच्या मेहुण्याच्या घरचं लग्न निघालं, तेव्हा त्यांनी तो दिवसभरासाठी मागून घेतला. लतीफभाई गाडीवर होते, त्यामुळं पुढचं सगळं त्यांच्या तोंडून ऐकलेलं.

सकाळपासून जो भेटेल त्याला साहेब फोन दाखवत होते. रिंग कशी वाजते, ती बदलता कशी येते, अंधारात उजेड कसा पडतो. वरपक्षाला एकदा, वधूपक्षाला एकदा. जेवणाच्या वेळेपर्यंत त्या जाड बॅटरीनंही मान टाकली. साहेबांच्या ते लक्षात आलं, पण तोवर मेहुण्यानं जावयाच्या बाजूची मोठी मंडळी फोन बघायला आणली होती. आता नाही कसं म्हणणार? साहेबांनी फोन कानाला लावला आणि मांडवाच्या मधोमध उभं राहून मोठ्यांदा बोलायला लागले. "हां, बोला. नाही, तो पंप उद्याच जायला पाहिजे. मी इथं लग्नात आहे, पण तुम्ही केव्हाही फोन करा."

नेमका त्याच वेळी मी कारखान्याचा निरोप देण्यासाठी मंगल कार्यालयाच्या फोनवर फोन केला. कार्यालयाचा मॅनेजर भला माणूस. त्यानं सरळ लाऊडस्पीकरचा माईक घेतला.

"कुलथेसाहेब जिथं असतील तिथून त्यांनी ऑफिसमध्ये यावं. तुमच्या कंपनीतून फोन आहे. तुमचा मोबाईल मघापासून लागत नाही म्हणतात."

लतीफभाई सांगायचे, साहेबांनी फोन कानावरून काढला नाही. त्यातच म्हणाले, "ठेवतो, दुसरा फोन आलाय."

लतीफभाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. हा किस्सा त्यांच्यासारखा कुणाला जमत नाही. आम्ही प्रयत्न करतो.

* * *

थंडीत बॅटरी लवकर उतरते असं गायकवाडांना कुणीतरी सांगितलं. खरं खोटं देव जाणे, पण डिसेंबरात ते फोन घरी न्यायला लागले आणि लोकरीच्या कानटोपीत गुंडाळून उशाशी ठेवायला लागले. एकदा त्यांच्या मंडळी, विमलताई, कंपनीत डबा द्यायला आल्या तेव्हा माझ्यापाशी बसल्या.

"फोनला खोकला झालाय काय हो?" त्यांनी विचारलं.

मी हसले.

"न्हाई, आमच्या घरात आजारी माणसाला एवढं जपल्यालं मी पयल्यांदाच बघितलं, म्हणून इचारलं." मग डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाल्या, "कानटोपी मिलिंदची हाय. फोनाला गुंडाळत्यात, पन त्याचं नाव काढत न्हाईत."

* * *

मिलिंद त्यांचा मुलगा. त्याचं मात्र आम्ही लग्नाबिग्नात सांगत नाही.

आयटीआय झाल्यावर गायकवाडांनी साहेबांपाशी शब्द टाकून त्याला आमच्याकडे लावला होता. पोराचा हात चांगला होता. बाप त्याला शेजारी उभा करून शिकवायचा. तोंडानं कमी, हातानं जास्त. आणि ऐन हंगामात एका सकाळी तो कामावर आला नाही. एजंटामार्फत मस्कतला निघून गेला होता. आईला सांगून गेला, बापाला नाही. सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं, हे त्याला माहीत होतं.

गायकवाड त्या दिवशी केबिनमध्ये गेले आणि साहेबांना म्हणाले, "माझा शब्द पडला." साहेब रागावले नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं असावं. बाहेर येऊन माझ्या बोर्डापाशी थांबले. "ताई, त्याचा फोन आला तर मला देऊ नका. मी न्हाई म्हनून सांगा."

त्यांच्या घरी स्वतःचा फोन नव्हता. मिलिंद माझ्याकडंच फोन करायचा, अधूनमधून, शुक्रवारी. तिकडं शुक्रवारी सुट्टी. "मावशी, आई कशी आहे? घरी बहिणीचं कसं चाललंय?" आणि ठेवायच्या आधी ठरलेला प्रश्न, "बाबा?" मी म्हणायचे, "साइटवर आहेत." बहुतेक वेळा ते खरंच असायचं. तो "बरं" म्हणायचा, पण लगेच ठेवायचा नाही. दोन हंगाम असेच गेले.

मग एका शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाज जरा उतरलेला. म्हणाला, "मावशी, इथं मला पंपावरच लावलंय. एक पंप थरथरतोय, आठवडा झाला. कुणाला जमेना. सगळे माझ्याकडं बघतात." मग हसल्यासारखं करून म्हणाला, "बाबांना एका मिनिटात कळलं असतं."

तेवढ्यात दुसरी लाइन वाजली. मी दुसऱ्या हातानं उचलली.

"ताई, घाटात हाय," गायकवाड म्हणाले. "बॅटरी एकच दांडी राहिलीय. काय निरोप असंल तर सांगा. ठेवतो."

"ठेवू नका," मी म्हटलं. "थांबा."

एका कानाला घाट, एका कानाला मस्कत. आमचा बोर्ड जुना, बाहेरच्या दोन लाइनी एकमेकींना जोडायची त्यात सोय नव्हती. मी मिलिंदला म्हटलं, "थोडा थांब रे." आणि दोन्ही रिसीव्हर उलटसुलट धरले, एकाचा कान दुसऱ्याच्या तोंडाशी. टपालाच्या गठ्ठ्याचं रबर काढून दोन्हीकडून बांधले आणि टेबलावर ठेवून दिले.

असं बांधलं की मधल्या माणसाला शब्द कळत नाहीत. नुसती गुणगुण येते. आधी काहीच येईना. मला वाटलं, गेलं. एका माणसानं नको म्हटलेलं, दुसऱ्यानं मागितलेलं नाही, आणि मी मधेच हे करून बसले होते. मग एका बाजूनं बारीक आवाज आला, थांबला. बऱ्याच वेळानं दुसऱ्या बाजूनं आला.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "सुनंदाबाई, कारखान्याचा फोन यायचा होता. दोन्ही लाइनी का..." त्यांनी टेबलावर पाहिलं. "हे काय?"

"इकडं गायकवाड आहेत," मी म्हटलं. "आणि इकडं मिलिंद."

साहेब उभेच राहिले. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि आवाज न करता बसले. म्हणाले, "कारखानेवाले करतील परत."

आम्ही दोघं त्या बांधलेल्या रिसीव्हरांकडं बघत बसलो. आता गुणगुण एकाच बाजूनं येत होती, आणि ती थांबत नव्हती. पंधरा शब्दांच्या वर न बोलणारा माणूस बोलत होता. मधे दुसऱ्या बाजूनं एखादा हुंकार, की पुन्हा तीच गुणगुण.

मग एकाएकी नुसता टूं टूं आवाज यायला लागला. मी रबर सोडलं. घाटाची लाइन गेली होती. दुसरा रिसीव्हर कानाला लावला तर मिलिंद होता. म्हणाला, "ठेवतो, मावशी."

लतीफभाईंनी नंतर सांगितलं ते एवढंच. गायकवाड फोन घेऊन कठड्यापाशी गेले होते, पाठ इकडं. आधी नुसते उभे. मग त्यांचा मोकळा हात हलायला लागला. हवेत काहीतरी धरून फिरवल्यासारखा, घट्ट केल्यासारखा, पुन्हा थोडं सैल सोडल्यासारखा. पंपाला मोटर जोडणारं कपलिंग बसवताना फिटर करतो तसं. "खूप वेळ तसंच चाललं होतं, ताई," लतीफभाई म्हणाले. "मी हॉर्न नाही दिला."

दिवस मावळायच्या आत जीप परत आली. गायकवाडांनी नळावर हात धुतले, माझ्या टेबलाशी येऊन फोन चार्जिंगला लावला, पिन नीट बसली का ते दोनदा पाहिलं. दारापर्यंत गेले आणि वळले.

"ताई, साहेबांना म्हनावं, आनखी एक बॅटरी घेऊन ठिवा. ही लई लवकर उतरती."